‘मिलियन डॉलर बेबी’ : प्रेक्षकांचे अभिप्राय आणि रसविघ्नाचा प्रश्न

१

क्लिंट ईस्टवुड यांचा ‘मिलियन डॉलर बेबी’ हा चित्रपट डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला आणि फेब्रुवारी २००५ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन, अभिनेत्री व सहायक अभिनेता अशी चार ऑस्कर पारितोषिके मिळाली. मुष्टियुद्धाच्या पार्श्वभूमीवरील या शोककथेने असंख्य प्रेक्षकांना हेलावून टाकले. रॉजर ईबर्ट यांच्यासारख्या ज्येष्ठ समीक्षकाने तिला त्या वर्षीची सर्वश्रेष्ठ कलाकृती मानले. याच काळात अपंगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या ‘नॉट डेड येट’ या संघटनेच्या कार्यकर्त्यांनी शिकागोत या चित्रपटाविरुद्ध निदर्शने केली. अपंग जीवन जगण्याच्या योग्यतेचे नाही हा जुना पूर्वग्रह चित्रपटाने अश्रूंच्या साह्याने पुन्हा दृढ केला, असा त्यांचा आक्षेप होता. मायकेल मेडवेड, रश लिंबॉ आदी परंपरावादी भाष्यकारांनीही चित्रपटावर टीका केली. मात्र तिचा रोख धर्म व राजकारण यांकडे होता आणि कलाकृतीच्या घडणीशी तिचा संबंध बेताचाच होता. प्रस्तुत विवेचनात तिचा विचार केलेला नाही.

उरतात दोन अभिप्राय : शोकाने भारावलेल्या प्रेक्षकाचा आणि शोकात सामील होण्यास नकार देणाऱ्या अपंग प्रेक्षकाचा. या दोहोंची वासलात लावण्याची एक सोपी रीत समीक्षेला उपलब्ध आहे. पहिला अभिप्राय कलात्मक, दुसरा लौकिक. पहिल्या प्रेक्षकाने कलाकृती पाहिली, दुसऱ्याने तिच्यात स्वतःचा प्रश्न पाहिला. मराठी वाचकाला ही विभागणी ओळखीची वाटेल. कलाविचाराचे लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी असे दोन ध्रुव रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) विस्ताराने मांडले, आणि तेव्हापासून असे वाद त्या दोन ध्रुवांवर वाटून देण्याची सवय आपल्या चर्चेला जडली आहे. परंतु प्रस्तुत प्रकरणी ही वाटणी टिकत नाही. अपंग प्रेक्षकाचा आक्षेप वरवर नैतिक दिसला तरी तो मुळात कलाकृतीच्या रचनेवरचा आक्षेप आहे. उलट भारावलेल्या प्रेक्षकाचा ‘शुद्ध’ आस्वाद एका लौकिक समजुतीवर उभा आहे.

२

कथानक प्रथम ध्यानात घ्यावे लागेल. फ्रँकी डन हा लॉस एंजेलिसमध्ये व्यायामशाळा चालवणारा वृद्ध मुष्टियुद्ध-प्रशिक्षक. त्याची मुलगी त्याला दुरावली आहे आणि तिला लिहिलेली पत्रे न उघडता परत येतात. तो नित्यनेमाने चर्चला जातो आणि धर्मगुरूशी हुज्जत घालतो. व्यायामशाळेची देखभाल करणारा एडी ऊर्फ स्क्रॅप हा त्याचा जुना सहकारी. आपल्या एकशे नवव्या लढतीत स्क्रॅपने एक डोळा गमावला. त्या रात्री फ्रँकी त्याच्या जखमांवर उपचार करीत होता, पण लढत थांबवण्याचा अधिकार त्याच्याकडे नव्हता, आणि ती बोच त्याच्या मनातून गेलेली नाही. या दोघांच्या जगात मिसूरीच्या डोंगराळ, दरिद्री भागातून आलेली मॅगी फिट्झजेराल्ड प्रवेश करते. वय तिशी ओलांडलेले, उपजीविकेसाठी उपाहारगृहात वाढपीण, ग्राहकांनी पानात टाकलेले घरी नेऊन खाणारी. फ्रँकी प्रथम नकार देतो, मग तिला घडवतो. ती जिंकत जाते आणि अजिंक्यपदाच्या लढतीपर्यंत पोहोचते. तेथे फेरी संपल्याची घंटा झाल्यानंतर प्रतिस्पर्धिनी तिच्यावर प्रहार करते. कोपऱ्यातील स्टुलावर पडून मॅगीची मान मोडते आणि मानेखालचे सारे शरीर लुळे पडते. श्वासोच्छ्वास यंत्रावर चालतो. पुढे एक पायही कापावा लागतो. आपल्याला मरण द्यावे अशी विनंती ती फ्रँकीला करते. तो नकार देतो, तेव्हा ती स्वतःची जीभ चावून जीव देण्याचा प्रयत्न करते. अखेर एका रात्री तो गुपचूप येतो, श्वसननलिका काढतो, तिला औषधाचे प्राणघातक इंजेक्शन देतो आणि नाहीसा होतो.

मुष्टियुद्धपटाला एक ठरीव घाट आहे. ‘द चँप’ (१९३१), ‘बॉडी अँड सोल’ (१९४७), ‘रॉकी’ (१९७६), ‘रेजिंग बुल’ (१९८०) हे चित्रपट एकमेकांपासून कितीही भिन्न असले, तरी गमावलेला माणूस रिंगमध्ये शरीराची किंमत मोजून काहीतरी परत मिळवतो, ही अपेक्षा ते सारेच जागवतात. मग ती पुरी करोत वा मोडोत. हान्स रॉबर्ट याउस यांनी जिला ‘अपेक्षाक्षितिज’ म्हटले ती हीच. रोलां बार्थ यांनी ‘मिथॉलॉजीज’मध्ये (१९५७) कुस्तीच्या खेळाविषयी लिहिताना केलेला भेद येथे उपयोगी पडतो. त्या कुस्तीत प्रत्येक क्षण आपल्यापुरता पुरेसा अर्थपूर्ण असतो; मुष्टियुद्ध मात्र प्रेक्षकाच्या डोळ्यांदेखत रचली जाणारी कथा असते आणि तिचा अर्थ शेवटावर अवलंबून असतो. मुष्टियुद्धपट पाहणारा प्रेक्षक, म्हणूनच, शेवटाकडून अर्थाची मागणी करतो. मॅगीची मान मोडते तेथे ‘रॉकी’च्या वळणाची कथा संपते, पण अर्थाची मागणी संपत नाही. रिंगबाहेरचा उत्तरार्ध ती मागणी पुरी करण्यासाठी आहे. रिंगमध्ये जो उद्धार हुकला तो रुग्णशय्येवर घडला पाहिजे, असा या घाटाचा आग्रह आहे.

३

शोकाने भारावलेल्या प्रेक्षकाची बाजू आधी नीट मांडली पाहिजे, कारण ती पोकळ नाही. या बाजूचे म्हणणे असे : चित्रपट अपंगत्वाविषयी विधान करीत नाही, तो एका विशिष्ट स्त्रीची आणि एका विशिष्ट पुरुषाची गोष्ट सांगतो. मॅगीच्या आयुष्यात तिच्या शरीराखेरीज तिचे म्हणावे असे काहीच नव्हते. ते शरीर गेल्यावर तिने मरण मागणे तिच्या स्वभावाशी सुसंगत आहे. ईबर्ट यांची भूमिकाही याच दिशेची होती. कलाकृतीचे बरेवाईटपण तिच्या विषयावरून ठरत नाही, विषयाच्या हाताळणीवरून ठरते, असे त्यांनी प्रतिपादिले. स्वतः ईस्टवुड यांनीही खुलासा केला की पूर्वीच्या चित्रपटांत आपण पिस्तुलाने माणसे मारणाऱ्या नायकाची भूमिका केली, म्हणून तसे वागणे आपल्याला मान्य आहे असे होत नाही.

या युक्तिवादाच्या आधारे आक्षेपकांची संभावना काय होते? ते ‘सहृदय’ ठरत नाहीत. आपल्या परंपरेत यासाठी नेमकी परिभाषा आहे. ‘अभिनवभारती’त अभिनवगुप्ताने रसप्रतीतीच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. प्रेक्षक स्वतःच्या सुखदुःखाने इतका ग्रासलेला असणे की त्याला दुसऱ्या वस्तूत चित्त विसावता येऊ नये, याला तो ‘निजसुखादिविवशीभाव’ म्हणतो. चाकांच्या खुर्चीतील प्रेक्षक स्वतःच्या दुःखाने विवश आहे आणि म्हणून मॅगीच्या दुःखात विसावू शकत नाही, असे निदान सहज करता येते. अनेकांनी ते वेगळ्या शब्दांत केलेही. काही आक्षेपकांनी त्याला निमित्तही पुरवले. ईस्टवुड यांच्या मालकीच्या हॉटेलात अपंगांना पुरेशा सोयी नसल्याचा खटला त्यांच्यावर झाला होता, आणि २००० मध्ये अपंगहक्क कायद्यात व्यावसायिकांना पूर्वसूचनेची सवलत मिळावी म्हणून त्यांनी अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष दिली होती. चित्रपट हा त्या प्रकरणाचा सूड आहे, असे सुचवले गेले. कर्त्याच्या चरित्रातून कृतीचा अर्थ काढण्याची ही रीत दुबळी आहे, आणि तिने मूळ आक्षेपाचे नुकसानच केले.

परंतु अभिनवगुप्ताच्या यादीतील पहिले विघ्न निराळे आहे. ते आहे ‘संभावनाविरह’. जे दाखवले जात आहे ते घडू शकते असे प्रेक्षकाला वाटलेच नाही, तर त्याचे चित्त त्यात प्रवेशच करू शकत नाही. मग विश्रांतीची गोष्ट दूरच. हे विघ्न आणि निजसुखादिविवशता यांतील फरक मूलगामी आहे. विवशता हा प्रेक्षकाचा दोष, तर संभावनाविरह हा कृतीचा दोष. आक्षेपकांना कोणत्या विघ्नाने अडवले, हाच खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर त्यांच्या मनोवस्थेत न शोधता चित्रपटातच शोधले पाहिजे.

४

आक्षेपकांनी दाखवलेल्या गोष्टी पाहाव्यात. चित्रपटातील घटना ज्या राज्यात सुरू होतात त्या कॅलिफोर्नियात, १९८६ च्या बूव्हिया खटल्यापासून, शुद्धीवर असलेल्या व स्वतःचा निर्णय घेऊ शकणाऱ्या रुग्णाला नको असलेला उपचार नाकारण्याचा हक्क न्यायालयाने मान्य केला आहे. जॉर्जिया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये मॅकॅफी खटल्यात मानेखाली लुळ्या झालेल्या आणि श्वसनयंत्रावर जगणाऱ्या माणसाला ते यंत्र बंद करवून घेण्याची मुभा दिली. अर्थात, मॅगीला यंत्र नको असते तर तिने तसे डॉक्टरांना सांगणे हा कायदेशीर मार्ग होता. चित्रपटात हा मार्ग कोणी सुचवत नाही, नाकारतही नाही. त्या जगात तो अस्तित्वातच नाही. तिच्याशी बोलायला एकही मानसोपचारतज्ज्ञ येत नाही. तिच्यासारखे जगणारा दुसरा माणूस तिला भेटत नाही. चोवीस तास देखरेखीखाली असलेल्या रुग्णाला शय्याव्रण होतात आणि पाय कापण्यापर्यंत पाळी येते, यात कोणाची हयगय झाली हा प्रश्नही उठत नाही. फ्रँकी एकदा फुंकरीने चालणाऱ्या खुर्चीचा आणि महाविद्यालयीन शिक्षणाचा विषय काढतो खरा, पण तो संवाद क्षणभरात मॅगीच्या विनंतीत विरून जातो.

हे सारे तपशिलाचे दोष आहेत आणि कवीला तेवढी सूट असते, असे म्हणता येईल काय? अॅरिस्टॉटलने अविश्वसनीय शक्यतेपेक्षा विश्वसनीय अशक्यता पत्करावी असे म्हटले आहे, आणि चित्रपटाचे समर्थक या वचनाचा आश्रय घेऊ शकतात. प्रेक्षागारातील बहुसंख्यांना तो शेवट अटळ वाटला, मग वैद्यकीय वा कायदेशीर अचूकतेचा हट्ट कशासाठी? पण येथेच विचारले पाहिजे : विश्वसनीय कोणाला? आणि तो विश्वास कोठून आला? वर सांगितलेले मार्ग कथानकाने एकेक करून बंद केलेले नाहीत. ते बंद झालेले प्रेक्षकाने पाहिले नाहीत, तरी त्याला शेवट अटळ वाटला. ही अटळता कथानकाने कमावलेली नाही, ती प्रेक्षकाने आपल्याबरोबर आणली आहे. असे जगण्यापेक्षा मरण बरे, ही समजूत त्याच्या मनात आधीपासून पक्की आहे आणि चित्रपट तिच्यावर भार टाकून उभा राहतो.

अभिनवगुप्ताने संभावनाविरहावर जो उपाय सांगितला आहे तो या दृष्टीने बोलका आहे. वस्तू लोकसामान्य असावी, म्हणजे हृदयसंवाद साधतो. ‘मिलियन डॉलर बेबी’ने हाच उपाय योजला आहे. मात्र येथे लोकसामान्य आहे ती एक समजूत, आणि ज्यांच्या आयुष्याविषयी ती समजूत आहे त्यांना ‘लोक’ या शब्दाच्या व्याप्तीत स्थान नाही. बूव्हिया खटल्यातील स्त्री हक्क मिळाल्यावरही पुढे अनेक वर्षे जगली. संस्थेबाहेर, आपल्या मर्जीने राहण्याची शक्यता दिसू लागल्यावर मॅकॅफीनेही मिळालेल्या मुभेचा वापर केला नाही. हे ज्या प्रेक्षकाला ठाऊक आहे त्याचा हृदयसंवाद तुटतो तो त्याला अधिक ठाऊक असल्यामुळे, विवशतेमुळे नव्हे.

कथानकाला गुप्ततेची गरज का भासली, हे पाहिले की ही रचना अधिक स्पष्ट होते. यंत्र रीतसर बंद झाले असते तर मॅगीची इच्छा पुरी झाली असती. रात्रीचा प्रवेश, इंजेक्शन, पाप आणि फ्रँकीचे कायमचे हरवणे यांतले काहीच घडले नसते. गुन्ह्याची गरज मॅगीला नाही, फ्रँकीच्या शोकांतिकेला आहे. मराठी ख्रिस्ती साहित्यात रूढ असलेल्या ‘तारण’ या शब्दात उद्धाराइतकाच गहाणाचाही अर्थ आहे. या चित्रपटात दोन्ही अर्थ लागू पडतात. मुलगी गमावलेला, सहकाऱ्याचा डोळा वाचवू न शकलेला फ्रँकी या एका कृत्यात बाप होतो आणि जी लढत एकदा थांबवता आली नाही ती थांबवतो. त्या तारणासाठी तारण ठेवले जाते ते मॅगीचे शरीर. डेव्हिड मिचेल आणि शॅरन स्नायडर यांनी ‘नॅरेटिव्ह प्रॉस्थेसिस’ (२०००) या ग्रंथात दाखवले आहे की कथा अपंगत्वाचा कुबडीसारखा आधार घेते आणि काम झाले की ती कुबडी टाकून देते. मॅगीने फ्रँकीला सांगितलेली, वडिलांच्या लंगड्या कुत्र्याची गोष्ट या कामी विशेष उपयोगी पडते. ज्या कुत्र्यावर त्यांचे प्रेम होते त्याला ते रानात घेऊन गेले आणि एकटेच परतले. रुग्णशय्येवरून मॅगी त्याच कृत्याची आठवण देते. माणसाच्या प्रसंगाची पूर्वतयारी जनावराच्या दृष्टान्ताने केली जाते आणि प्रेक्षक तो दृष्टान्त पुरावा म्हणून स्वीकारतो.

५

तथापि आक्षेपकांच्या वाचनालाही मर्यादा आहे. त्यांनी चित्रपटाचे म्हणणे आणि शेवटाचे कृत्य यांत अंतर ठेवले नाही. हे अंतर निवेदकामुळे निर्माण झाले आहे. चित्रपटाला आधारभूत असलेल्या एफ. एक्स. टूल यांच्या ‘रोप बर्न्स’ (२०००) या संग्रहात मॅगीच्या कथेत स्क्रॅप नाही. तो दुसऱ्या कथेतला आहे. पॉल हॅगिस यांनी पटकथेत दोन कथा एकत्र विणल्या आणि मॅगीची गोष्ट एका अशा माणसाच्या तोंडी दिली जो स्वतः रिंगमध्ये शरीराचा एक भाग गमावून बसला आहे. स्क्रॅप जगतो. तो फरशी पुसतो, फाटक्या मोज्यांवरून फ्रँकीशी वाद घालतो आणि प्रसंगी हातमोजा चढवून एका उद्दाम तरुणाला आडवाही करतो. मोडल्यानंतरच्या जगण्याचा नमुना चित्रपटात आहे, फक्त तो मॅगीच्या खोलीत नेऊन ठेवलेला नाही.

शिवाय स्क्रॅपचे सारे निवेदन हे फ्रँकीच्या दुरावलेल्या मुलीला लिहिलेले पत्र आहे, हे प्रेक्षकाला अखेरीस कळते. तिचा बाप खरा कसा होता हे तिला कळावे म्हणून ते लिहिलेले आहे. म्हणजे आपण जे पाहिले ते एका मित्राचे कैफियतवजा कथन होते. ज्या रात्री फ्रँकीने ते कृत्य केले त्या रात्री स्क्रॅप अंधारात होता, पण मॅगीच्या मनात काय होते हे तो सांगू शकत नाही. धर्मगुरूने फ्रँकीला आधीच बजावले आहे की हे केलेस तर तू स्वतःला पुन्हा सापडणार नाहीस. शेवटच्या दृश्यात रस्त्याकाठच्या खानावळीच्या धूसर काचेमागे कोणीतरी बसलेले दिसते. तो फ्रँकी आहे की नाही हे नीट दिसत नाही. ज्याचा उद्धार झाला त्याचा चेहरा दाखवायला चित्रपट धजत नाही, याची नोंद घेतली पाहिजे. उद्धाराच्या घाटाविषयीची शंका चित्रपटाच्या पोटातच आहे.

परंतु ही शंका फ्रँकीपुरती आहे. त्याचे तारण झाले की नाश, हा प्रश्न चित्रपट मोकळा ठेवतो. मॅगीने मरणे योग्य होते की नाही, हा प्रश्न तो विचारतच नाही. उलट, मॅगीला तिची संधी मिळाली, ती मिळवून देणारा तूच, असे स्क्रॅप फ्रँकीला समजावतो तेव्हा एका संधीच्या मापाने सगळे आयुष्य मोजले जाते. ते माप मुष्टियुद्धाचे आहे. एकशे नऊ लढती देऊन, एका डोळ्याने उरलेले आयुष्य काढणाऱ्या माणसाच्या तोंडी ते यावे, यातील विसंगती चित्रपटाला जाणवलेली दिसत नाही. संदिग्धतेची कलात्मक श्रीमंती एका पात्राच्या वाट्याला आणि निश्चिती दुसऱ्याच्या, अशी ही वाटणी आहे. चित्रपटाची ताकद व त्याचा दोष या एकाच ठिकाणी सापडतात.

६

या वादातून समीक्षेच्या हाती काय लागते? स्ट्युअर्ट हॉल यांच्या परिभाषेत एक वाचन प्रभुत्वशाली आणि दुसरे विरोधी, अशी नोंद करून थांबता येईल. पण तशी नोंद दोन्ही वाचनांना समान अंतरावर ठेवते आणि त्यांपैकी कोणते संहितेला अधिक जवळून पाहते हा प्रश्न टाळते. प्रस्तुत प्रकरणी कथानकाच्या सांध्यांकडे, गाळलेल्या दुव्यांकडे, दृष्टान्ताच्या कामगिरीकडे लक्ष गेले ते ‘विवश’ ठरवलेल्या प्रेक्षकाचे. ‘तटस्थ’ प्रेक्षकाला ते दुवे गाळलेलेच वाटले नाहीत, कारण ते त्याने स्वतःच्या समजुतीने भरून काढले होते.

साधारणीकरणाच्या सिद्धान्तालाही येथे एक प्रश्न विचारावा लागतो. भावाचे व्यक्तिविशिष्ट संबंध गळून पडतात आणि तो सर्वांचा होतो, असे आपण म्हणतो. परंतु गळून पडण्याआधी कोणते विशेष ‘विशेष’ म्हणून ओळखले जातात? धडधाकट शरीर हा विशेष मानला जात नाही; तो सामान्याच्या जागी गृहीत धरलेला असतो. म्हणून धडधाकट प्रेक्षकाची भीती साधारण ठरते आणि अपंग प्रेक्षकाचा अनुभव वैयक्तिक. स्त्रीवादी आणि दलित समीक्षेने मराठी साहित्यविचाराला हाच प्रश्न वेगळ्या संदर्भात विचारला आहे, आणि त्याने आस्वादाची कल्पना दुबळी न होता अधिक काटेकोर झाली.

‘मिलियन डॉलर बेबी’ पाहताना येणारे अश्रू खोटे नाहीत. फ्रँकीसाठी ते येत असतील तर चित्रपटाने ते कमावलेले आहेत. मॅगीसाठी येणाऱ्या अश्रूंचा हिशेब मात्र वेगळा मांडावा लागेल. तिच्या मरणाआधी तिला कोणी काय सांगितले नाही, कोण तिला भेटायला आले नाही, कोणते दार तिच्यासाठी उघडून पाहिले गेले नाही, हे प्रश्न करुणरसाला बाहेरून येणारे अडथळे नाहीत. ते विचारले गेले असते आणि त्यांना उत्तर देऊनही मॅगी आपल्या मागणीवर ठाम राहिली असती, तर चित्रपटाचा शोक अधिक खोल झाला असता आणि त्यात सामील होण्यास आक्षेपकांनाही कदाचित जागा मिळाली असती.